पानिपतच्या लढाईवरचं ऑडिओबुक विकत घेण्याआधी

नमुन्याची फाइल पहिल्या पानापासून ऐकू नका, तिथे निवेदक सगळ्यात ताजातवाना असतो. ऐकायला मिळत असेल तर मधलं प्रकरण घ्या आणि आधी दत्ताजी शिंदे शोधा. हे मराठा सरदार पडले दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर, जानेवारी १७६० मध्ये. पानिपतची लढाई त्यानंतर वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ला. त्यांच्या तोंडचं ‘बचेंगे तो और भी लढेंगे’ हे वाक्य थेट पानिपतच्या रणात ऐकू आलं, तर बाकीच्या तपशिलावरही विसंबू नका.

मग आकडे. मराठी फौज ‘लाखांची’ म्हणताना लढणारे किती आणि बुणगे (फौजेसोबतचे न लढणारे लोक), यात्रेकरू, बायकामुलं किती, हे वेगळं सांगितलंय का? मराठ्यांची उपासमार का झाली, याचं निम्मं उत्तर त्या फरकात आहे. कुठला आकडा कोणत्या बखरीतून किंवा पत्रातून आला, हे सांगणारं पुस्तक केव्हाही सरस.

निवेदनात साल ऐका. ‘सतराशे एकसष्ट’ऐवजी ‘एक हजार सातशे एकसष्ट’ आलं, तर बहुधा यंत्राचा आवाज आहे किंवा निवेदकाने तयारी केलेली नाही. ‘गारदी’ (कवायती पायदळ), ‘जंबुरके’ (उंटावरच्या हलक्या तोफा), ‘कुंजपुरा’ (पानिपतच्या उत्तरेचं ठाणं) हे शब्द अडखळत नाहीत ना? पार्श्वसंगीतात नावं बुडत असतील तर सोडून द्या, कारण इथे नाव हुकलं की कोण कुणाच्या बाजूचा हेच कळेनासं होतं.

संक्षिप्त आवृत्ती टाळा. काटछाटीत बहुतेकदा रसदीचा भाग जातो. आणि नकाशांची पीडीएफ सोबत आहे का, तेवढं विचारा.