गोल्फ कोर्सला नाव देताना या चुका टाळा

गेली बावीस वर्षं मी गोल्फ कोर्ससाठी फलक आणि छपाईचं काम करतो. स्कोअरकार्ड, प्रत्येक होलच्या टीजवळ, म्हणजे पहिला फटका जिथून मारतात तिथे, उभा राहणारा दगड, फाट्यावरचा बाण, बॅगेला बांधायचे टॅग, सगळं. ठरलेलं नाव लिहायला माझ्याकडे येतं, आणि वर्ष-दोन वर्षांनी ते चुकल्याचं कळलं की पुसायलाही माझ्याकडेच येतं. पुसायच्या कामाचे पैसे मिळतात, पण ते काम करताना वाईट वाटतं. कारण चुका दर वेळी त्याच असतात आणि त्या टाळायला दोन दिवस पुरले असते. हे दोन दिवस कुणी देत नाही. जमीन अजून सपाट झालेली नसते आणि फोन येतो, ‘लोगो परवा हवाय, नाव आज ठरवतोय.’

समुद्र नसताना ‘लिंक्स’

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा होणारी आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. अनेकांना वाटतं, लिंक्स म्हणजे गोल्फ कोर्सलाच असलेला एक भारदस्त शब्द. तसं नाही. लिंक्स हा जमिनीचा प्रकार आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेतजमीन यांच्यामध्ये वाळूच्या उंचवट्यांचा एक पट्टा असतो. तिथे पीक येत नाही, मेंढरं चरतात. गवत आखूड आणि चिवट, झाडं जवळजवळ नाहीतच, वारा कायम. शब्दाचं मूळही जुन्या इंग्रजीतल्या कड किंवा उंचवटा अशा अर्थाच्या शब्दात आहे. पाऊस पडला की पाणी वाळूतून झिरपून जातं, जमीन कडक राहते. म्हणून तिथला खेळाडू चेंडू वाऱ्याखालून, जमिनीलगत मारतो आणि टप्पा खाऊन पुढे घरंगळू देतो. सेंट अँड्र्यूज, कार्नूस्टी, ट्रून हे सगळे लिंक्स. हे नाव वाचून येणारा माणूस हाच खेळ मनात धरून येतो.

घाटाच्या पूर्वेला, समुद्रापासून दीडशे किलोमीटरवर एका गृहप्रकल्पाने नऊ होलचा कोर्स बांधला आणि नावात लिंक्स घातलं. थोडा मुरूम सोडला तर सगळी काळी माती. मी फोनवर विचारलं होतं, हा शब्द का? उत्तर आलं, ‘ऐकायला छान वाटतं.’ मी तेव्हा आजच्याइतका हट्टी नव्हतो. नऊ काळे दगड कोरून दिले.

पहिल्या पावसाळ्यात तिथे एक काका आले. तीस वर्षं स्कॉटलंडमध्ये नोकरी करून सुट्टीवर आलेले, मूळचे साताऱ्याकडचे. नुसतं नाव वाचून दोन पुतण्यांना घेऊन शंभर किलोमीटर गाडी चालवत आले होते. योगायोगाने फलकांची मापं घ्यायला मी त्या दिवशी तिथेच होतो. तिसऱ्या होलवर त्यांनी तिकडच्या सवयीने खालून सुंदर फटका मारला. चेंडू चाळीस पावलांवर पडला आणि पडला तिथेच मातीत अर्धा रुतला. पुढचे दोन्ही तसेच. परत आल्यावर त्यांनी काउंटरवरच्या स्टार्टरला, म्हणजे खेळाडूंना पाळीने खेळायला सोडणाऱ्या मुलाला, शांतपणे विचारलं, ‘इथं वाळू कुठं आहे?’ तो शेजारच्या गावातला वीस-एकवीस वर्षांचा मुलगा. त्याला लिंक्सचा अर्थ कुणी सांगितलेला नव्हता. तो मान खाली घालून उभा राहिला. नाव ठरवणारी मंडळी त्या वेळी शहरात होती. नावातल्या खोटेपणाचा जाब नेहमी अशाच मुलाला द्यावा लागतो, आणि हे मला आजही सहन होत नाही.

दुसऱ्या वर्षी तो शब्द काढला. नवे दगड महाग पडत होते, म्हणून तेच उलटे करून मागच्या बाजूला नवी अक्षरं कोरली. झुडपांकडे तोंड केलेल्या बाजूवर जुना शब्द अजून आहे.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. जमिनीचा प्रकार सांगणारा कुठलाही शब्द नावात असेल, तर मी आधी जागेवर जातो, कुदळ मागतो आणि हातभर खोल खणून पाहतो. लोकांना विचित्र वाटतं, वाटू दे. ड्यून्स म्हणायचं तर वाळूच्या टेकड्या दिसल्या पाहिजेत. अमेरिकेत ओरेगनच्या किनाऱ्यावर 1999 साली बँडन ड्यून्स सुरू झाला, 2001 साली शेजारी पॅसिफिक ड्यून्स. दोन्ही खरोखरच समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत आहेत. 2005 मधला तिसरा कोर्स बराचसा आतल्या जंगलातून जातो, तर त्याचं नाव बँडन ट्रेल्स ठेवलं. दोन गाजलेली नावं हाताशी असताना तिसऱ्यांदा ड्यून्स म्हणण्याचा मोह टाळला, याचं मला फार कौतुक आहे. आपल्याकडे खारघर व्हॅली हे नाव मला चालतं. मागे टेकड्या आहेत, खाली कोर्स आहे आणि पुढे गावाचं नाव आहे.

ऑगस्टाची फुलं उसनी आणणं

अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबच्या प्रत्येक होलला झाडाचं किंवा फुलाचं नाव आहे. पहिल्याचं ‘टी ऑलिव्ह’, दहाव्याचं कॅमेलिया, तेराव्याचं अझेलिया, अठराव्याचं हॉली. दूरदर्शनवर तिथली मास्टर्स स्पर्धा पाहून दर वर्षी कुणीतरी मला अशीच यादी पाठवतं. ऑगस्टात ही नावं शोभतात, कारण ती जमीन पूर्वी फ्रूटलँड नावाची रोपवाटिका होती. बेल्जियमहून आलेलं बर्कमन्स कुटुंब ती चालवत असे. म्हणजे त्या यादीतही जमिनीचीच गोष्ट आहे.

एका ठिकाणाहून मला मॅग्नोलिया, डॉगवुड अशी नऊ नावं आली. जाऊन पाहिलं तर हिवर, बाभळी आणि ओढ्याकाठी एक जुनी काटेसावर. माघ-फाल्गुनात पानं झडून लालभडक फुललेली काटेसावर ज्याने पाहिली आहे, त्याला डॉगवुड कशाला लागतं? मी तसं लिहून कळवलं. उत्तर आलं नाही, नऊ फलकांची ऑर्डर आली. ती मी घेतली नाही.

याहून वाईट म्हणजे आमराई तोडून त्या जागेच्या नावात आंबा घालणं. यावर मी वाद घालत नाही, नुसता नाही म्हणतो.

जमिनीला आधीच नाव असतं

नाव ‘सुचलं’ पाहिजे असं नवख्यांना वाटतं. मग दोनशे नावांची यादी निघते, त्यातून मतदान होतं आणि कुणालाच न आवडलेलं नाव निवडून येतं. आपल्याकडे तर ही मेहनत अगदी अनाठायी आहे. गावच्या शिवारातल्या तुकड्या-तुकड्याला नाव असतं. सात-बारावर गट नंबर असतो, पण माणसं म्हणतात थोरला माळ, चिंचेचं टेकाड, म्हसोबाची पट्टी, इनाम. कोर्ससाठी जमीन घेताना व्यवहार गट नंबरावर होतो आणि ही नावं कागदावर कुठेच येत नाहीत. मेंढरं वळणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाबरोबर सकाळभर हिंडलात तर पंधरा-वीस नावं सहज मिळतील. मी वही घेऊन जातो. चहा-बिस्किटं बरोबर नेतो आणि घाई करत नाही. पहिल्या तासात माणूस फक्त गट नंबरच सांगतो, कारण साहेबाला तेच हवं असणार असं त्याला वाटतं.

गावठी वाटेल, अशी भीती असते. जगातली मोठी नावं पाहा ना. न्यू जर्सीतल्या बाल्टसरोलचं नाव बाल्टस रोल या शेतकऱ्यावरून आलंय. त्याची जमीन होती, 1831 साली त्याचा खून झाला, आणि 1895 साली क्लब निघाला तेव्हा त्याचंच नाव लागलं. न्यूयॉर्कजवळच्या शिनेकॉक हिल्सचं नाव तिथल्या मूळ रहिवासी शिनेकॉक लोकांचं आहे. दिल्ली गोल्फ क्लबच्या आवारात जुने मकबरे आहेत, तिथला मोठा कोर्स लोधी आणि नऊ होलचा पीकॉक. सिमल्याजवळचं नालदेहरा तर लॉर्ड कर्झनना इतकं आवडलं, की 1904 साली जन्मलेल्या मुलीचं नाव त्यांनी अलेक्झांड्रा नालदेरा ठेवलं. व्हाइसरॉयने मुलीला दिलेलं नाव एका पहाडी जागेचं आहे, आणि आपण आपल्या माळाचं नाव सांगायला लाजतो.

तोंडात बसलेलं नाव किती चिवट असतं, याचा दाखला नाशिकमध्ये आहे. 1909 साली कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेऱ्यांच्या स्मरणार्थ तिथल्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे नाव दिलं आहे. त्या नावाचा मान मोठा आहे आणि ते पूर्ण उच्चारलं जावं असं मला मनापासून वाटतं. पण रिक्षात बसून विचारा. क्रिकेटचं, रणजी सामन्यांचं हे मैदान आजही ‘गोल्फ क्लब’ म्हणूनच ओळखलं जातं. इतक्या मोठ्या नावालाही जिथे सवयीशी झगडावं लागतं, तिथे थंड खोलीत जुळवलेलं परकं नाव गावकऱ्यांच्या तोंडी बसेल ही आशा कशाच्या जोरावर ठेवायची? ते त्याला ‘गोल्फचा माळ’ म्हणतील आणि पाव्हण्याला रस्ताही तसाच सांगतील.

बाकीच्या, थोडक्यात

रॉयल: ही राजघराण्याने दिलेली पदवी आहे. 1829 साली स्थापन झालेल्या कलकत्त्याच्या क्लबलाही ती 1911 साली मिळाली. स्वतःच लावून घेऊ नका.

न्यू: सेंट अँड्र्यूजचा न्यू कोर्स 1895 चा आहे आणि अजून न्यूच आहे. त्यांना ते शोभतं, कारण शेजारी ओल्ड कोर्स आहे.

चॅम्पियनशिप: आधी स्पर्धा होऊ द्या.

मालकाच्या वडिलांचं नाव: कोनशिलेवर जरूर द्या, कोर्सला नको. जमीन विकली गेली की ते नाव दुसऱ्या दिवशी उतरतं, आणि ते उतरवताना त्या घरातल्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत.

नंबर आणि रंग: यांना कमी लेखू नका. अमेरिकेतल्या पाइनहर्स्टचा जगप्रसिद्ध कोर्स नुसता नंबर 2 आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या बेथपेजचे पाच कोर्स रंगांवरून ओळखले जातात. त्यातल्या ब्लॅकच्या पहिल्या टीजवळ, हा कोर्स फार अवघड आहे, कसलेल्यांनीच खेळावा, असा फलक आहे. आता काळा शब्द उच्चारला तरी खेळाडूला धडकी भरते. नाव साधं होतं, वजन कोर्सने आणलं. दुसरं काहीच सुचत नसेल तर नंबर द्या आणि थांबा.

देवनागरीत न लिहून पाहणं: फाट्यावरचा फलक मराठीत असणार आहे. ठरवायच्या आधी खडूने फळीवर लिहा आणि गेटवरच्या रखवालदाराला वाचायला द्या. तो अडखळला तर पाहुण्याला फोनवर पत्ता सांगतानाही अडखळेल. मी ही चाचणी घेतल्याशिवाय साचा कापत नाही.

होलची नावं आधी छापू नका

इथे सगळ्यात जास्त घाई होते आणि इथेच थांबण्याचं सगळ्यात जास्त फळ मिळतं. रॉयल ट्रूनचा आठवा होल फक्त 123 यार्डांचा. त्याचं मूळ नाव एल्सा, कारण तिथून एल्सा क्रेग नावाचं बेट दिसतं. चांगलंच नाव होतं. पण विली पार्क ज्युनियरने त्या इवल्या ग्रीनबद्दल, म्हणजे खळगीभोवतीच्या आखूड हिरवळीबद्दल, लिहिताना टपाल तिकिटाची उपमा दिली, आणि आज जग त्याला पोस्टेज स्टॅम्प म्हणूनच ओळखतं. प्रेस्टविकला, जिथे 1860 साली पहिली ओपन स्पर्धा झाली, पाचव्या होलचं नाव हिमालय आहे. मध्ये वाळूचा उंचवटा, पलीकडचं ग्रीन दिसत नाही, चेंडू अंदाजाने पलीकडे टाकायचा. सेंट अँड्र्यूजच्या बायकांनी 1867 साली पटिंगचा, म्हणजे चेंडू हिरवळीवरून हलकेच खळगीत घालण्याचा, क्लब काढला, त्यांच्या खाली-वर होणाऱ्या हिरवळीलाही हिमालयच म्हणतात. आपल्या पर्वताचं नाव स्कॉटलंडमधल्या वाळूच्या टेकाडांना मिळालं, हे वाचून मला पहिल्यांदा फार आनंद झाला होता. अशी नावं खेळता खेळता पडतात.

म्हणून मी पहिल्या वर्षी होलच्या दगडावर फक्त आकडा कोरतो आणि खाली चार बोटं जागा मोकळी ठेवतो. मालक कुरकुरतात. मी त्यांना सांगतो, एक उन्हाळा आणि एक पावसाळा जाऊ द्या, बॅगा वाहणाऱ्या कॅडींना काय म्हणताना ऐकता ते लिहून ठेवा.

उलट्या दगडांच्या त्या कोर्सवर मी असंच केलं. सातव्या होलच्या टीमागे मुरमाड पट्टा आहे. तिथे उन्हाळ्यात टिटवी उघड्यावर अंडी घालते, खड्यांत खडे दिसावेत अशी. जवळ गेलं की डोक्यावर घिरट्या घालत ओरडते. कॅडींनी पहिल्याच उन्हाळ्यात चार काठ्या रोवून सुतळी बांधली आणि टी दहा पावलं पुढे घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. ‘टिटवीवर किती मारले?’ असं ते एकमेकांना विचारायला लागले, मग खेळणारेही. दीड वर्षाने त्या मोकळ्या चार बोटांत मी तीन अक्षरं कोरली. कोरत होतो तेव्हा स्टार्टरचा तोच मुलगा शेजारी उभा होता. एका पाहुण्याने त्याला नाव का पडलं म्हणून विचारलं, तर तो त्यांना सुतळीपर्यंत घेऊन गेला आणि अंडी कुठे असतात ते दाखवत बराच वेळ बोलत राहिला.