झोटेरोत संस्थेचं नाव उलटं येतंय? हे करून बघा

रिसर्च पेपरमध्ये झोटेरो (संदर्भ साठवून त्यांची यादी बनवणारं सॉफ्टवेअर) वापरून एपीए स्टाइल (संदर्भ लिहिण्याची एक ठरलेली पद्धत) लावली की वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशनचं संदर्भांच्या यादीत ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ व्हायचं आणि मजकुरात कंसात नुसतंच ‘ऑर्गनायझेशन’. अक्षरशः वैताग आला होता. स्टाइल बदलून फरक नाही, वर्डमधे यादी हाताने सुधारली तर रिफ्रेशला परत जैसे थे, कारण झोटेरो संस्थेला माणूस समजून नाव-आडनाव वेगळं करतो.

आधी झोटेरोत ती एंट्री उघडा, उजवीकडे ऑथरच्या ओळीवर माउस नेला की शेजारी छोटं बटण दिसतं, ‘स्विच टू सिंगल फील्ड’वालं, ते दाबायचं. मग पूर्ण नाव सरळ क्रमाने आहे ना बघा, नसेल तर टाइप करा. शेवटी वर्डमधे झोटेरो टॅबवर रिफ्रेश. युनेस्को, सरकारी विभाग, सगळ्यांना हेच लागतं.