व्हिसावर असलात तरी मत तुमचं आहे

लंडनच्या हॅरोत घर मिळालं, बँकेत खातं उघडलं, मुलांच्या शाळेचं ठरलं की आणखी एक काम त्याच आठवड्यात उरकून घ्या. मतदार यादीत नाव नोंदवा.

हे सांगितलं की नव्याने आलेल्या दहापैकी आठ जण म्हणतात, "आम्ही वर्क व्हिसावर, आम्हाला कसलं मत?" मीही पहिली पाच वर्षं असंच समजत होतो. कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या पाच वर्षांतल्या निवडणुका हातच्या गेल्या, त्याची मला आजही चुटपुट आहे. भारत कॉमनवेल्थमध्ये (राष्ट्रकुलात) आहे, आणि ब्रिटनमध्ये वैध व्हिसावर राहणाऱ्या प्रौढ कॉमनवेल्थ नागरिकाला इथे मतदानाचा हक्क आहे. काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, निवडणुकीत, लंडनच्या महापौराच्या निवडणुकीत आणि थेट पार्लमेंटच्या निवडणुकीतही. विद्यार्थी असा, नोकरीवर असा की जोडीदाराच्या व्हिसावर. अमुक वर्षं राहिलं पाहिजे अशी अटही नाही. ब्रिटिश पासपोर्टची वाट बघत बसू नका.

दुसरी भीती नागरिकत्वाची. इथे मत दिल्याने भारताचं नागरिकत्व जात नाही. ते जातं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतल्यावर. भारतीय पासपोर्ट आहे तोवर गावाकडच्या यादीत अनिवासी मतदार म्हणून 6अ फॉर्म भरून नाव ठेवता येतं, फक्त मत द्यायला तिथे प्रत्यक्ष जावं लागतं.

इथली नोंदणी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर होते. नाव, पत्ता, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर (नोकरी-करासाठी सरकार देतं तो) एवढंच लागतं. हा नंबर अजून आला नसेल तर तसं कारण लिहून अर्ज करता येतो. भाड्याच्या घरात असाल तरी हरकत नाही, मात्र घर बदललं की नव्याने नोंदणी करायची. पती-पत्नीने वेगवेगळे अर्ज भरायचे, एकाच्या अर्जात दोघांचं नाव येत नाही. मतदानाआधी 12 कामाचे दिवस नोंदणी बंद होते. 'खुल्या यादीत' नाव नको असा पर्याय फॉर्ममध्ये असतो, तो निवडा. ती यादी विकत मिळते. मुख्य मतदार यादीत नाव असलं की क्रेडिट कार्ड आणि मोबाइलचा करार मिळणंही सोपं जातं.

आपल्या नावांबाबत विशेष जपा. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, ऑफिसात नवऱ्याचं आडनाव, बँकेत नुसती आद्याक्षरं, असा घोळ आपल्याकडे घरोघरी. नोंदणी करताना नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. इंग्लंडमध्ये 2023 पासून मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं, आणि चालणाऱ्या ओळखपत्रांत कॉमनवेल्थ देशाचा पासपोर्ट आहे. म्हणजे आपला भारतीय पासपोर्ट चालतो. फोनमधला फोटो चालत नाही, मूळ पासपोर्टच न्या. चालेल असं काहीच नसेल तर मोफत मतदार प्रमाणपत्र मिळतं, मात्र त्यासाठीही आधी अर्ज करावा लागतो.

आता मुद्द्याचं. कोणाला आणि कशासाठी मत द्यायचं?

दर महिन्याला काउन्सिल टॅक्स भरता ना? कचरा कधी उचलायचा, वाचनालय किती दिवस उघडं ठेवायचं, गल्लीत पार्किंग कोणाला द्यायचं, शेजारच्या मोकळ्या जागेवर इमारत उभी राहू द्यायची की नाही, घरी एकट्या पडलेल्या वृद्धांना मदतनीस कसा मिळायचा, हे काउन्सिलमध्ये ठरतं. वॉर्डाचे नगरसेवक ठरावीक वेळी लोकांना भेटतात, त्या भेटीला इथे 'सर्जरी' म्हणतात. आमच्याकडे शाळेसमोरच्या रस्त्यावर गाड्या इतक्या भरधाव जायच्या की सकाळी मुलांचा हात सोडवत नसे. आम्ही सहा-सात पालक त्या भेटीला गेलो. त्यांनी पहिल्यांदा पत्ता विचारला. आम्ही त्यांच्याच वॉर्डाचे मतदार होतो आणि ते बोलण्यातून जाणवत होतं. वर्षभर मागे लागावं लागलं, पण तिथे झेब्रा क्रॉसिंग झालं.

नगरसेवक नसणं काय असतं हे मुंबईकरांना सांगायला नको. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी 2026 मध्ये झाली. मधल्या काळात तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन कोणाकडे जायचं, हे माझ्या दादरच्या मावशीला शेवटपर्यंत कळलं नाही. इथे लंडनच्या बरोंमध्ये, म्हणजे स्वतःची काउन्सिल असलेल्या विभागांमध्ये, निवडणूक दर चार वर्षांनी, मे महिन्यातल्या गुरुवारी होते. तरीही मतदान बऱ्याचदा चाळीस टक्क्यांच्या आतच राहतं. म्हणून एकेका वॉर्डात थोड्याशा मतांनी निकाल फिरतो. दादाभाई नौरोजी 1892 मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून आले, ते हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मताधिक्याने.

मतदान केंद्र सकाळी 7 ते रात्री 10 उघडं असतं. दहाच्या ठोक्याला रांगेत असाल तरी मत देता येतं. घरी आलेलं मतदानाचं कार्ड विसरलात तरी चालतं, पासपोर्ट विसरून चालत नाही. बोटाला शाई लागत नाही, यंत्र नसतं. कागदाची मतपत्रिका आणि दोरीला बांधलेली पेन्सिल मिळते, आणि नावापुढे फुली मारायची असते.

इथे पुणे-ठाण्याकडच्या लोकांनी जरा लक्ष द्या. तुम्हाला प्रभागात चार जागांची चार वेगळी मतं द्यायची सवय आहे. इथे वॉर्डात दोन किंवा तीन नगरसेवक निवडायचे असले तरी मतपत्रिका एकच असते. सगळ्या पक्षांचे उमेदवार आडनावाच्या क्रमाने एकाखाली एक असतात, त्यामुळे एकाच पक्षाची नावं विखुरलेली दिसतात. किती फुल्या मारायच्या ते वरच लिहिलेलं असतं. तीन जागांसाठी एक, दोन किंवा तीन फुल्या चालतात, चौथी मारली की सगळं मत बाद. एकच फुली मारून बाहेर आलेले कितीतरी जण मला भेटलेत. उरलेली दोन मतं त्यांनी नकळत सोडून दिली होती.

त्या दिवशी परगावी असाल तर टपालाने मत देता येतं, त्याचा अर्जही ऑनलाइन होतो. पुढे कायमचं वास्तव्य मिळालं की स्वतः काउन्सिलला उभंही राहता येतं. त्यासाठी ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही आणि अनामत रक्कमही भरावी लागत नाही. कोणाच्या मनात तसं असेल तर मला आधी कळवा, पत्रकं वाटायला मी येईन.