मानेला अवधाण आलं तर

माझी नात साडेतीन वर्षांची असताना एका सकाळी तिच्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ दिसली. हात लावला तर गरम, आणि ती कळवळून रडली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गालगुंड आहे, लेप लावा." मी 22 वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स होते. गालगुंडात कानाच्या पाळीखालून गाल फुगतो, जबड्याचा कोपरा बोटाला लागेनासा होतो. इथं तो लागत होता. हे अवधाण होतं, म्हणजे जवळपासच्या जखमेमुळे किंवा संसर्गामुळे सुजून आलेली गाठ.

अवधाण आलं की आधी मूळ शोधा. त्या बाजूचा कान, घसा, दाढा बघा. केस बाजूला करून डोकं बघा, उवांनी खाजवून झालेले फोडसुद्धा पुरतात. आमच्या पोरीच्या कानामागे केसांत पिकलेला फोड सापडला.

डॉक्टरांकडे त्याच दिवशी न्या. घरी आल्यावर गाठीच्या कडेनं बॉलपेननं रेघ ओढा. अँटिबायोटिक लागू पडलं तर दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, गाठ वाढायची थांबते. रेघेबाहेर गेली, कातडी लाल झाली किंवा मधोमध लिबलिबीत लागलं, तर पू झाला असेल, पुन्हा दाखवा. पू काढायचा तो डॉक्टरांनीच. बरं वाटलं तरी औषध मधेच सोडू नका.

तापाला पॅरासिटामॉल वजनावर द्या, किलोमागे 15 मिलिग्रॅम. म्हणजे 12 किलोच्या मुलाला 180. दोन डोसांत सहा तास हवेत. सिरपच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात, म्हणून लेबल वाचूनच मोजा.

बिब्बा लावू नका, डाग देऊ नका. भाजलेल्या कोवळ्या माना मी वॉर्डात पाहिल्यात, अजून आठवतात.

मान वळेना, तोंड उघडेना, लाळ गळतेय, श्वास घेताना त्रास होतोय, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

आणि न दुखणारी, दोन आठवडे होऊनही न उतरणारी, एकमेकींना चिकटलेली गाठींची माळ असेल तर टीबीची तपासणी करून घ्या. सुईनं नमुना घेतात. सरकारी दवाखान्यात औषधं मोफत मिळतात, साधारण सहा महिने घ्यावी लागतात. अशी गाठ कुणाकडून चिरून घेऊ नका, जखम महिनोन्‌महिने वाहत राहते.

नातीची गाठ चौथ्या दिवशी रेघेच्या आत आली. वाटाण्याएवढी मात्र दोन महिने हाताला लागत होती, आणि तेवढी राहतेच. सून रोज दाबून बघायची. मी तिला सांगितलं, आता फक्त रविवारी बघ.