सीडीचा सिग्नल खरा मानण्याआधी

रेणू आपोआप एकावर एक रचले गेले, सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम, म्हणजे डाव्या आणि उजव्या वर्तुळी ध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक) मोजणाऱ्या यंत्रावर शिखर उमटलं, की लगेच 'सर्पिल मिळालं' म्हणून नाचू नका. मी ते यंत्र सांभाळतो. समोर येणाऱ्या प्रत्येक आलेखावर आधी संशयच घेतो.

सरावाला बेंझिन ट्रायकार्बॉक्सअमाइड, म्हणजे बीटीए घ्या. हायड्रोजन बंधांनी त्याची चवड लागते आणि ती पिळली जाते. डावीकडे की उजवीकडे, हे शेपटीतला एखादा मिथाइल गटही ठरवू शकतो. द्रावक मिथाइलसायक्लोहेक्झेन, संहती काही दहा मायक्रोमोलार. टोल्युइन नको, कारण बघायचा पट्टा २२३ नॅनोमीटरजवळ आहे आणि टोल्युइन तिथला सगळा प्रकाश स्वतःच गिळतं. द्रावण सिग्नल विरेपर्यंत तापवा, मग मिनिटाला एक अंश या गतीने थंड करा. घाई केलीत तर चवड भलत्याच रूपात अडकून बसू शकते. तापवूनही सिग्नल हटला नाही, तर तो सुट्या रेणूचा असेल, नाहीतर आधाररेषेचा.

आता दुसरा एनॅन्शिओमर, म्हणजे त्याच रेणूचं आरशातलं रूप, त्याच संहतीला, त्याच क्युवेटमध्ये (द्रावणाच्या पारदर्शक कुपीत). दोन्ही आलेख एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं दिसायला हवीत. डिटेक्टरचा व्होल्टेज ६०० व्होल्टच्या वर गेलेला भाग टाकून द्या, कितीही देखणा असो.

ढवळणी बंद करून पुन्हा मोजा. लांब तंतू प्रवाहात एका दिशेला लागतात आणि रेषीय डायक्रोइझम (एलडी, म्हणजे रेषीय ध्रुवित प्रकाश दिशेनुसार कमीजास्त शोषला जाणं) सीडीत घुसतो. शिवाय २००१ मध्ये रिबो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पॉर्फिरिनच्या पुंजक्यांत सिग्नलचं चिन्ह भोवऱ्याच्या दिशेनुसार ठरू शकतं. रेणू मुळात अकायरल, म्हणजे डावं-उजवं रूप नसलेले, असूनही!

द्रावणाऐवजी काचेवरची पातळ फिल्म मोजत असाल, तर ती मात्र खरी लबाड. ती किरणाच्या अक्षाभोवती ४५-४५ अंशांनी फिरवा. सिग्नल बदलत गेला, तर त्यात रेषीय भेसळ आहे. मग फिल्म पालटा. खरा सीडी तसाच राहतो. रेषीय डायक्रोइझम आणि द्विअपवर्तन (दिशेनुसार प्रकाशाचा वेग बदलणं) मिळून तयार झालेला भाग चिन्ह बदलतो. दोन्ही बाजूंची सरासरी काढली की ही भेसळ बरीचशी निघून जाते.

शेवटी जी-मूल्य, म्हणजे एकूण शोषणाच्या तुलनेत डाव्या-उजव्यातला फरक किती, ते काढा: मिलिडिग्रीतला आकडा ३२९८० ने भागा, मग अ‍ॅब्सॉर्बन्सने (शोषणाच्या आकड्याने). ते २ च्या पलीकडे जाऊच शकत नाही, त्यामुळे गेलं तर गणित तपासा. आणि माझ्याकडे आलेख पाठवताना एलडीची व व्होल्टेजची रेष सोबत हवी. त्याशिवाय मी तो उघडत नाही.