बुडालेल्या हंगामाविषयी कसे लिहावे

सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या पावसात, सोंगून वावरात पसरलेले आमचे सोयाबीन भिजले. पाणी ओसरल्यावर मूठभर शेंगा उचलून पाहिल्या, तेव्हा दाणे फुगून शेंगांतूनच पांढरे कोंब बाहेर आले होते. या नुकसानीविषयी मी प्रथम जे लिहिले, ते वाचून लोक हळहळले. पण ते कोणाच्याही उपयोगी पडले नाही.

उपयोगी पडले ते दुसरे लेखन, कारण त्यात मी माझी चूक तिच्या कारणासह मांडली. पीक विम्याच्या तेव्हाच्या नियमानुसार नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत त्याची सूचना द्यावी लागे. मात्र महसूल खात्याचा पंचनामा झाला की विम्याचेही काम होते, अशा समजुतीने मी वाट पाहत राहिलो आणि मुदत निघून गेली. नुसते ‘उशीर झाला’ असे लिहिले असते, तर तीच समजूत बाळगून बसलेल्या वाचकाला त्यात आपली चूक दिसली नसती.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी विम्याची पावती, सात-बारा, तारखेसह काढलेले फोटो समोर ठेवावेत. आठवण दिवसांची सरमिसळ करते, कागद करत नाही. मग कोणत्या दिवशी आपल्याला काय ठाऊक होते आणि त्यावरून आपण काय केले, हे क्रमाने लिहावे; आज सुचलेले शहाणपण त्या दिवसांत मिसळू नये. कर्जाचा आकडा किंवा घरातील गहाण दागिना लेखनात येणार असेल, तर घरच्यांना आधी विचारावे, कारण ते दुःख आपल्या एकट्याचे नसते.

नियमाशेजारी त्याचे वर्ष अवश्य लिहावे. खरीप २०२५ साठी राज्याने भरपाई शेतकऱ्याच्या सूचनेवर न ठेवता पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतील पीक कापून काढलेल्या सरासरी उत्पादनावर आधारित केली, त्यामुळे माझ्या लेखनातील ७२ तासांचा सल्ला त्या हंगामात कोणी जसाच्या तसा पाळला असता, तर त्याची दिशाभूलच झाली असती.

शेवटी मजकूर अशा माणसाला वाचून दाखवावा, ज्याच्यावर ही वेळ आलेली नाही. शेजारच्या काकांनी माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “ते खरं, पण सूचना द्यायची कुठं?” तेवढेच लिहायचे राहून गेले होते.