जिन्यातली लाईट गेली की आधी बल्ब आणायला पळता? या चुका टाळा

आमच्या सोसायटीत जिन्यातल्या लाईटींचं खातं चार वर्षं माझ्याकडे होतं, म्हणजे मीटिंगमध्ये विषय निघाला तेव्हा सगळ्यांनी खाली बघितलं आणि मी चुकून वर बघितलं, एवढंच. त्या चार वर्षांत केलेल्या आणि बघितलेल्या चुका इथे लिहितोय.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे बल्ब बदलत राहणं. दुसऱ्या मजल्यावरचा एलईडी एका महिन्यात तीनदा उडाला, वॉचमनने तीनदा नवा लावला आणि तिन्ही वेळा आम्ही कंपनीला शिव्या घातल्या. चौथ्यांदा मेन बंद करून होल्डरमध्ये मोबाईलचा टॉर्च मारला तर दोन पिनांपैकी एक आत दबून बसलेली, काळी पडलेली, आणि भोवतीचं बॅकेलाईट भाजून तडकलेलं. पिन नीट टेकत नव्हती, आत बारीक ठिणग्या पडायच्या आणि त्याचा मार बल्बमधल्या ड्रायव्हरला, म्हणजे एलईडीला हवा तसा करंट देणाऱ्या सर्किटला बसायचा. होल्डर बदलला, विषय संपला. म्हणून आधी बघा किती लाईटी गेल्यात: एकच गेली तर बल्ब नाहीतर होल्डर, एका मजल्याची लाईन गेली तर जंक्शन बॉक्समधला (वायरी जोडलेल्या डबीतला) जॉइंट, आणि अख्ख्या विंगमध्ये अंधार असेल तर सरळ मीटर रूममध्ये जा, तिथे एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद पडणारा स्विच, पडलेला असतो किंवा ठरल्या वेळी लाईटी लावणाऱ्या टायमरचं घड्याळ लाईट गेल्यावर मागे पडलेलं असतं.

एमसीबी सारखा पडतोय म्हणून मोठा बसवायचा, हे तर अजिबात नको. लाईटीच्या लाईनला साधारण १.५ स्क्वेअर एमएमची वायर असते आणि तिला ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी पुरतो, तिथे कोणी ३२ चा टाकला तर तो पडणार नाही हे खरं, पण मग त्याच्याआधी वायरच तापून वितळेल.

पावसाळ्यात वेगळंच नाटक. आरसीसीबी, म्हणजे ३० मिलिअँपिअर लीकेजला पडणारा तो टेस्ट बटणवाला स्विच, रात्री पाऊस आला की पडायचा, आणि वायरमन म्हणाला बायपास करून टाकू. नाही म्हटलं. सगळे एमसीबी खाली केले, आरसीसीबी वर केला, मग एकेक एमसीबी चढवत गेलो, गच्चीचा चढवला आणि धाडकन पडला. गच्चीवरच्या फिटिंगचं रबर कुजून आत पाणी आणि मेलेल्या मुंग्या! मात्र सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी टिकत नसेल तर न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) कुठेतरी अर्थला लागलेली असू शकते, कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज (करंट आणणारी वायर) तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. ते काम वायरमनचंच.

बंद केलेला एलईडी रात्रभर मंद मिणमिणतो, त्याला भूतबाधा समजू नका (आमच्याकडे एका काकूंनी खरंच लिंबू-मिरची बांधली होती). स्विचला इंडिकेटर असेल तर त्यातून थोडा करंट जात राहतो, ते चालतं. पण कधीकधी स्विचमधून फेजऐवजी न्यूट्रल घेतलेली असते, मग स्विच बंद असला तरी होल्डरमध्ये फेज जिवंत, आणि स्टुलावर चढलेल्या माणसाला वाटतं बंद केलंय. म्हणून बल्बला हात लावताना एमसीबी खाली करा, नुसत्या स्विचवर विसंबू नका.

गेटची लाईट चालू-बंद चालू-बंद होत असेल तर तिचा उजेड तिच्याच सेन्सरवर (अंधार पडला की लाईट लावणाऱ्या) पडतोय का बघा, सेन्सर फिरवला की थांबतं.

आणि एक सीरियस गोष्ट. काही लाईटी एकदम भगभगीत आणि काही एकदम मंद, आणि घरातले पंखेही वेडेवाकडे फिरतायत असं झालं तर खटपट करत बसू नका, मेनची न्यूट्रल तुटलेली किंवा ढिली असू शकते, अशा वेळी २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपास पोचू शकतं आणि टीव्ही-फ्रीज जातात. ग्रुपवर मेसेज टाकून सगळ्यांना आपापलं मेन बंद करायला सांगा आणि १९१२ ला फोन लावा.

हो, नवा बल्ब लावताना त्याच्या पांढऱ्या भागावर मार्करने तारीख टाका, गॅरंटीत बदलून मिळतो. फक्त बिल सोसायटीच्या फाईलीत ठेवा, आमचं सेक्रेटरींच्या शर्टाच्या खिशात धुतलं गेलं.